मुथुलक्ष्मीबाईंचे इस्पितळ



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत; घरखर्चाच्या वहीपलीकडे लेखणी कधी चालविली नाही. पण एका बाईंविषयी सांगावे असे दोन वर्षे मनात आहे, म्हणून हे धाडस करते. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

दोन वर्षांपूर्वी माझ्यावर छातीच्या कर्करोगाचे उपचार चालू होते. किरणांचे शेक घेण्यासाठी रोज रांगेत बसावे लागे. तेथे तमिळनाडूकडच्या एक बाई शेजारी बसत. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी मला मद्रासच्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची गोष्ट सांगितली. घरी आल्यावर माझ्या लेकीने मिळेल ते वाचून दाखविले, आणि त्या दिवसांत त्या माउलीने मला फार धीर दिला.

मुथुलक्ष्मीबाईंचा जन्म १८८६ साली पुदुकोट्टै संस्थानात झाला. वडील तेथल्या महाराजा कॉलेजचे प्राचार्य, आणि आई चंद्रम्माळ देवदासींच्या घराण्यातल्या. अशा घरच्या मुलीला लोक काय काय बोलत असतील, हे आपण बायकांनी समजून घ्यावे. मुलांच्या कॉलेजात मुलगी नको म्हणून विरोध झाला, पण महाराजांनी परवानगी दिली. पुढे १९०७ साली त्या मद्रास मेडिकल कॉलेजात गेल्या आणि १९१२ साली डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. १९१४ साली डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशी लग्न झाले, तेही आपल्या कामात आडकाठी होणार नाही असे ठरवून घेऊनच. पुढे त्यांना दोन मुलगे झाले.

संसार आणि दवाखाना चालू असतानाच घरावर घाला पडला. त्यांच्या धाकट्या बहिणीला आतड्याच्या शेवटच्या भागाचा कर्करोग झाला. घरात बहीण डॉक्टर, तरी काही चालले नाही. रोग कळेपर्यंत वेळ निघून गेली होती, आणि सोसून सोसून ती गेली. ते दुःख मुथुलक्ष्मीबाईंनी पदरात बांधून ठेवले. १९२५ साली त्या सरकारी शिष्यवृत्तीवर विलायतेला शिकावयास गेल्या, तेव्हा या रोगाचीही माहिती त्यांनी करून घेतली.

परत आल्यावर त्या मद्रासच्या कायदेमंडळात नेमल्या गेल्या आणि तेथल्या उपाध्यक्षाही झाल्या. मुली देवाला सोडण्याची चाल बंद व्हावी म्हणून त्यांनी तेथे झगडा केला. ती चाल बंद करणारा मद्रासचा कायदा १९४७ साली झाला. १९३० साली गांधीजींना अटक झाली तेव्हा त्यांनी आपल्या जागेचा राजीनामा दिला. त्याच साली, कोणी थारा देत नाही अशा मुलींसाठी त्यांनी अव्वै होम हे घर उघडले.

पण बहिणीचे मरण त्या विसरल्या नव्हत्या. १९३५ साली मेडिकल कॉलेजच्या शताब्दी समारंभात त्यांनी मद्रासला कर्करोगाचे इस्पितळ हवे, ही मागणी मांडली. हा रोग झाला म्हणजे माणूस जायचेच, मग पैसा कशाला घालवा, असा तेव्हा पुष्कळांचा समज होता. आपल्या मुंबईत परळला टाटांचे इस्पितळ १९४१ साली उघडले. त्यामागे टाटांसारखे मोठे घराणे होते. मद्रासला तसा कोणी पाठीराखा नव्हता.

तेव्हा हे काम पुढे कोणी नेले असेल? भगिनींनो, बायकांच्या मंडळाने! विमेन्स इंडियन असोसिएशन ही १९१७ साली मद्रासजवळ अड्यार येथे स्थापन झालेली स्त्रियांची संस्था. तिच्यातर्फे मुथुलक्ष्मीबाईंनी कर्करोग्यांसाठी निधी काढला. १० ऑक्टोबर १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली, आणि १८ जून १९५४ रोजी अड्यारला अवघ्या बारा खाटांचे इस्पितळ सुरू झाले. तेव्हा बाईंचे वय अडुसष्टाच्या घरात होते. त्यांचे चिरंजीव डॉ. कृष्णमूर्ती तेथे रोग्यांवर उपचार करीत. १९५५ साली डॉ. शांता नावाच्या तरुण डॉक्टरीण येऊन मिळाल्या आणि २०२१ साली देह ठेवीपर्यंत त्यांनी ते काम सोडले नाही. पुढे तेथे किरणांचे शेक देणारे कोबाल्टचे यंत्र आले. मुथुलक्ष्मीबाईंना १९५६ साली पद्मभूषण मिळाले. १९६८ साली त्या वारल्या, पण ते इस्पितळ आजही रोग्यांची सेवा करीत आहे.

आता माझे थोडे सांगते. अंघोळ करताना सुपारीएवढी गाठ माझ्या हाताला लागली होती. दुखत नव्हती. मी चार महिने कोणाला बोलले नाही. लाज वाटली, आणि लेकीचे लग्न ठरायचे होते. शेवटी थोरल्या जाऊबाईंच्या लक्षात आले आणि त्यांनी मला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेले. शस्त्रक्रिया, औषधे, शेक, सगळे झाले. केस गेले आणि परत आले. देवाच्या आणि डॉक्टरांच्या कृपेने आज मी हळदीकुंकवाला तुमच्यात बसते. पण ते चार महिने मला अजून टोचतात. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगितले. पण ती कशाची आहे हे आपण घरी बसून ठरवू नये.

इस्पितळ बांधण्याचे बळ आपल्या मंडळात नाही. पण रांगेत बसलेल्या बाईला सोबत हवी असते, तिच्या घरी पोळीभाजीचा डबा हवा असतो, मुलांना शाळेतून आणायला कोणी हवे असते. एवढे आपल्याला खचित करता येईल.

दर महिन्याच्या सभेनंतर मी अर्धा तास मागे थांबत जाईन. ज्या भगिनीला काही विचारावयाचे असेल, किंवा जे घरी सांगता येत नाही ते सांगावयाचे असेल, तिने संकोच न करता यावे. डॉक्टरांकडे सोबत लागली तर मी येईन. माझ्या जाऊबाईही येतो म्हणाल्या आहेत.

— आपलीच एक सभासद भगिनी