सूर्याचा किरीट पाहणारे जान्सेन

सूर्याच्या भोवती वायूचा एक पातळ थर लांबवर पसरलेला असतो. त्याला किरीट म्हणतात. तो रोज दिसत नाही. दिवसा चांदण्या असूनही दिसत नाहीत ना, तसेच. खग्रास ग्रहणात चंद्र सूर्याला पूर्ण झाकतो, तेव्हाच थोडी मिनिटे तो पांढराशुभ्र चमकतो. हा किरीट पाहण्यासाठी खूप धडपड केलेले शास्त्रज्ञ म्हणजे पिएर जान्सेन.

त्यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८२४ रोजी फ्रान्स देशात पॅरिस येथे झाला. लहानपणी अपघात होऊन त्यांचा पाय कायमचा अधू झाला. त्यामुळे त्यांना शाळेत जाता आले नाही. ते घरीच शिकले. पुढे बँकेत नोकरी केली व शिकणे चालूच ठेवले.

१८६८ साली खग्रास ग्रहण पाहायला ते आपल्या भारतात गुंटूर येथे आले. तेव्हा त्यांना सूर्याच्या कडेला लाल ज्वाला दिसल्या. दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यांनी यंत्रातून त्या ज्वाला पाहिल्या. पण किरीट मात्र ग्रहणाशिवाय दिसेना.

१८७० साली पॅरिसला शत्रूच्या सैन्याने वेढा घातला होता. कुणालाच बाहेर जाता येईना. आणि ग्रहण तर आफ्रिकेत अल्जीरिया देशात दिसणार होतं! २ डिसेंबरला जान्सेन यंत्रे घेऊन बलूनमध्ये बसले आणि शत्रूच्या डोक्यावरून उडून गेले. केवढे हे धाडस! पण २२ डिसेंबरला ग्रहणाच्या वेळी आभाळात ढगच ढग. काही म्हणजे काही दिसलं नाही.

तरी ते खचले नाहीत. १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणाला ते पुन्हा भारतात, निलगिरी डोंगरात आले. या वेळी आभाळ स्वच्छ होतं. किरीटाच्या प्रकाशात त्यांना हायड्रोजन वायूच्या रेषा दिसल्या. किरीट चंद्राचा की सूर्याचा, असा तेव्हा वाद होता. तो सूर्याचाच आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

पुढे त्यांनी पॅरिसजवळ म्यूदों येथे वेधशाळा उभारली. २३ डिसेंबर १९०७ रोजी त्यांचे निधन झाले.

सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सियस तापलेला असतो, पण बाहेरचा किरीट दहा लाख अंशांहून जास्त! असे का, हे शोधायला भारताने २०२३ साली आदित्य एल-१ हे यान पाठवले.

मुलांनो, सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी कधी पाहू नका. पण जान्सेन यांची चिकाटी जरूर घ्या. पाय अधू असला तरी माणूस केवढे काम करू शकतो!

— इयत्ता ४ थी