रक्तपरीक्षक कै. डॉ. वाय. एम. भेंडे

थोर पुरुषांचे स्मरण करून त्यांच्या कार्यातून बोध घ्यावा, ह्या हेतूने आम्ही यंदा कै. डॉ. वाय. एम. भेंडे यांचा अल्प परिचय देत आहोत. त्यांची कर्मभूमी मुंबई; तथापि बीड जिल्ह्यातील प्रत्येक कुटुंबास उपयोगी पडावे असे त्यांचे कार्य आहे.

डॉ. भेंडे मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र शिकवीत. त्यांच्या सहलेखनाने सिद्ध झालेला त्या विषयावरील ग्रंथ वैद्यकीय विद्यार्थ्यांस मार्गदर्शक ठरला. परंतु त्यांचे नाव जगभर झाले ते १९५२ साली.

तीन व्यक्तींच्या रक्तात ए वा बी, कोणताच गुण आढळेना. रूढ नियमाने ते रक्त ओ गटाचे ठरते. पण त्यांच्या रक्तद्रवात ओ गटाच्या तांबड्या पेशी मिसळताच त्यांचेही पुंजके होऊ लागले. अशी विसंगती हातचूक समजून सोडून देणे सोपे होते. डॉ. भेंडे यांनी ती सोडली नाही. डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया आणि लंडनचे रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी हा शोध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. हाच पुढे ‘बाँबे रक्तगट’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

त्याचे कारण पुढे उलगडले. एक विकर फ्युकोज नावाची शर्करा जोडून तांबड्या पेशीच्या पटलावरील ‘एच’ हा पाया तयार करते. त्यावर ए व बी गटांची विकरे आपापल्या शर्करा चढवितात. पहिले विकरच निकामी असेल, तर जोत्यावाचून माडी कशी उभी राहणार?

हा दोष आई व वडील दोघांकडून आला तरच प्रकट होतो. आपल्याकडे मामेबहिणीशी विवाहाची चाल आहे; नात्यातील अशा विवाहांत हा संभव वाढतो, हे आम्ही स्पष्टपणे नमूद करतो. भारतात सुमारे दहा हजारांत एक व्यक्ती ह्या गटाची मानली जाते. तिला त्याच गटाचे रक्त लागते. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांची तपासणी प्रथम करावी. ते न जुळल्यास परजातीचा, परधर्माचा दाता प्राण वाचवितो, आणि स्वज्ञातीतील ओ गटाचा दाता घातक ठरतो.

म्हणून अंबाजोगाईस असो वा अन्यत्र, रक्त देण्यापूर्वीच्या जुळणी-परीक्षेत डॉक्टरांवर घाईचा आग्रह धरू नये, अशी समाजबंधुभगिनींस आमची विनंती आहे. डॉ. भेंडे यांच्या स्मृतीस तेच खरे अभिवादन होय.