फुंकायच्या नळीमागचा डॉक्टर : जॉन हचिन्सन

ऑपरेशनची तारीख ठरते, डॉक्टर चिठ्ठीवर ‘पीएफटी’ लिहून देतात आणि रुग्ण घाबरून विचारतो, यात नापास झालो तर ऑपरेशन होणार नाही का? त्याआधी ही तपासणी आली कुठून ते पाहा.

जॉन हचिन्सन १८११ मध्ये इंग्लंडच्या उत्तरेला, न्यूकॅसलजवळच्या कोळशाच्या खाणींच्या मुलुखात जन्मले. पुढे ते लंडनमध्ये डॉक्टर झाले. तेव्हा क्षयाने माणसे पटापट दगावत, आणि छाती ठोकून, कान लावून रोग कळेपर्यंत उशीर झालेला असे. हचिन्सन यांनी फुफ्फुसातली हवा मोजायचे ठरवले. पाण्याच्या टाकीत एक भांडे उलटे, वजनाने तोलून ठेवले. नळीतून फुंकले की ते वर येई. हाच स्पायरोमीटर.

त्यांनी दोन हजारांहून अधिक लोकांना फुंकायला लावले : खलाशी, पोलीस, आगीचा बंब चालवणारे, कुस्तीगीर, गरीब. १८४६ मध्ये निष्कर्ष छापले. उंची एक इंचाने वाढली की क्षमता सुमारे १३० मिलीलिटरने वाढते. वयाबरोबर ती घटते. म्हणूनच तपासणीआधी तुमची उंची आणि वय विचारतात. एका धिप्पाड अमेरिकन मुष्टियोद्ध्याचा आकडा त्यांच्यासमोर घसरत गेला. पुढे तो क्षयाने वारला. (गंमत म्हणजे, ईथरची भूल जगापुढे आली तीही १८४६ मध्येच. फुफ्फुसाचे ऑपरेशन मात्र अजून फार लांब होते.)

१८५२ मध्ये हचिन्सन सगळे सोडून ऑस्ट्रेलियाच्या सोन्याच्या खाणींकडे गेले. १८६१ मध्ये फिजी बेटांवर पोहोचले आणि त्याच वर्षी, पन्नाशीत, तिथेच वारले.

त्यांचे यंत्र हवा किती ते सांगे, किती वेगाने बाहेर पडते ते नाही. पहिल्या सेकंदातली हवा मोजण्याची पद्धत सुमारे शंभर वर्षांनी फ्रान्समध्ये टिफनो यांनी रूढ केली. आज भूलतज्ज्ञ दोन्ही आकडे पाहतात. आकडा कमी आला म्हणजे तुम्ही नापास झालात असे नाही. अनेकदा इनहेलर, श्वासाचे व्यायाम आणि विडी-सिगारेट बंद करून आधी फुफ्फुस सुधारून घेतात; फुफ्फुसाचा भाग काढायचा असेल, तर किती काढता येईल हेही त्यावरून ठरते. मोतीबिंदूसारख्या छोट्या ऑपरेशनला ही तपासणी सहसा लागत नाही.

तपासणीला जाताना भरपेट जेवू नका, कपडे सैल घाला, आणि इनहेलर घेत असाल तर त्या दिवशी घ्यायचा की नाही ते आधी विचारा. छाती पूर्ण भरून घ्या, जोरात फुंका आणि थांबा म्हणेपर्यंत फुंकत राहा. अर्धवट फुंकलेत तर आकडा खोटा कमी येतो.