ब्रह्मदेशाची राणी सुपायालत रत्नागिरीत ३३ वर्षं का राहिली?

रत्नागिरीत थिबा पॅलेस पाहायला गेलं की थिबा राजाची गोष्ट हमखास ऐकायला मिळते. पण त्याच्या दरबारात खरा शब्द चालायचा तो राणी सुपायालतचा.

सुपायालतचा जन्म १८५९ चा. ब्रह्मदेशाचा राजा मिंडोन हे तिचे वडील. राजघराण्याच्या प्रथेप्रमाणे तिचं लग्न सावत्र भावाशी, म्हणजे थिबाशी झालं. १८७८ मध्ये थिबा गादीवर आला तो सुपायालतच्या आईच्या आणि मंत्र्यांच्या डावपेचांमुळे. गादीला दुसरा कुणी वारस उरू नये म्हणून १८७९ मध्ये राजघराण्यातल्या ऐंशीच्या आसपास लोकांना ठार मारण्यात आलं. या हत्याकांडाचा डाग सुपायालतच्या नावालाही कायमचा चिकटला.

पुढे १८८५ मध्ये सागवानाच्या तोडीवरून ब्रह्मी दरबाराने बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या ब्रिटिश कंपनीला मोठा दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. त्यांनी निर्वाणीचा खलिता धाडला. काही मंत्री तडजोड करा म्हणत होते, राणी मात्र झुकायला तयार नव्हती असं सांगितलं जातं. युद्ध जेमतेम दोन आठवडे चाललं. २९ नोव्हेंबर १८८५ ला राजाराणीला मंडालेहून बाहेर काढण्यात आलं.

आधी मद्रास आणि मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. तेव्हा इथे ना रेल्वे होती, ना पावसाळ्यात बोटी. कैद्याला जगापासून तोडायला याहून सोयीची जागा कुठली? सुपायालत तेव्हा २६ वर्षांची होती. चार मुलींपैकी धाकटी तर रत्नागिरीतच जन्मली. सरकारी तनखा पुरेना, दागिने विकले जाऊ लागले, कर्ज वाढलं. आज दिसणारा राजवाडा बांधून झाला तो १९१० मध्ये, म्हणजे इथे येऊन २४ वर्षं झाल्यावर.

१९१२ मध्ये तिची बहीण आणि थिबाची धाकटी राणी सुपायागले वारली. १९१६ मध्ये थिबाही गेला. दोघांचे देह मायदेशी नेऊ द्यावेत, ही मागणी इंग्रजांनी मान्य केली नाही. जिवंत राजाइतकीच त्यांना त्याच्या थडग्याचीही भीती होती. १९१९ मध्ये दोघांना रत्नागिरीतच दफन करण्यात आलं आणि त्याच वर्षी राणीला परतायची परवानगी मिळाली. पण मंडालेला नाही, रंगूनला.

तिथेच १९२५ मध्ये तिचा मृत्यू झाला. श्वेडगॉन पॅगोडाजवळ तिची समाधी आहे. दिल्लीहून हद्दपार केलेला बादशहा बहादूरशहा जफर याची कबरही त्याच परिसरात आहे. थिबा मात्र आजही रत्नागिरीच्या मातीत आहे, आणि आयुष्यभर त्याच्या सोबत राहिलेली त्याची राणी समुद्रापलीकडे.