देवळालीचे कापरेकर मास्तर

हिंजवडीत आमच्या कामात बँकांचे व्यवहार सुरक्षित ठेवायला शेकडो अंकी मूळ संख्या लागतात. त्या संगणक शोधतो. मला मात्र दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर आठवतात. जन्म १९०५, डहाणूचा. फर्ग्युसनमधून शिकून १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. पदव्युत्तर पदवी नाही, म्हणून गणितज्ञांनी बरीच वर्षं त्यांना मोजलंच नाही. (मास्तरांना कोण मोजतं?) त्यांचा खेळ साधा : संख्येत तिचेच अंक मिळवायचे. ९१ मध्ये ९ आणि १ मिळवले की १०१. १०० मध्ये १ मिळवला तरी १०१. पण त्याआधीची मूळ संख्या ९७ अशी कशातूनच निघत नाही. ती स्वयंभू! १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा मास्तर सत्तरीचे होते. १९८६ साली ते गेले. ९७ नंतरची स्वयंभू मूळ संख्या थेट २११. मित्रांनो, कागद घ्या आणि पडताळा, सर तपासतीलच.