बिशप थॉमस व्हॅल्पी फ्रेंच

लाहोरचे पहिले बिशप फ्रेंच ह्यांचा जन्म इंग्लंडात सन १८२५ च्या पहिल्याच दिवशी झाला. ऑक्सफर्ड येथे विद्या संपादून ते सन १८५१ त आग्र्यास आले व सेंट जॉन्स कॉलेजाचे पहिले प्रमुख झाले. त्यांस इतक्या भाषा अवगत होत्या की लोक त्यांस सात भाषांचा पाद्री म्हणत.

सन १८५७ च्या बंडात युरोपियन मंडळी आग्र्याच्या किल्ल्यात आश्रयास गेली. परंतु एतद्देशीय ख्रिस्ती लोकांस आत घेण्यास अधिकारी राजी नव्हते. त्यांस बाहेर टाकून आपण आत जाणार नाही, असा फ्रेंचसाहेबांनी आग्रह धरला, आणि अखेरीस त्या सर्वांस प्रवेश मिळाला. त्यांच्या विद्वत्तेपेक्षा ही गोष्ट आपल्या मंडळ्यांनी मुलाबाळांस अगोदर सांगावी.

सन १८७० त त्यांनी लाहोरास उपदेशकांसाठी ईश्वरज्ञानाची शाळा काढली. तेथे देशी विद्यार्थी हिब्रू व ग्रीक शिकत, पण शिकविणे उर्दूतून होई. सन १८७७ त ते बिशप झाले. दहा वर्षांनी लाहोरच्या नव्या कथीड्रलाचे समर्पण झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी आपले पद सोडले.

पुढे वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, कोणत्याही मिशनाचा आधार न घेता, ते अरबस्थानात मस्कतास गेले. तेथे बाजारात बसून ते अरबी शास्त्र वाचून दाखवीत. ऐकणारे थोडे, उन्हाळा भयंकर. तीन महिन्यांतच, १४ मे १८९१ रोजी, त्यांचा अंत झाला. मस्कताजवळ खडकांनी वेढलेल्या एका लहान खाडीच्या काठी त्यांची कबर आहे.