एक टप्पा आउट बंद करणारा रिपोर्टर

वसमत रोडच्या मागच्या गल्ल्यांमध्ये ज्यांचं क्रिकेट झालंय, त्यांना एक टप्पा आउट म्हणजे काय ते सांगायला नको. प्लॉट लहान, समोर कुणाच्या तरी खिडकीच्या काचा. म्हणून बॉल एक टप्पा पडून हातात आला तरी बॅट्समन आउट. मग भांडणं. टप्पा एक पडला की दोन? एका हातानं धरला की दोन्ही हातांनी? शेवटी ज्याची बॅट, त्याचा निर्णय.

हाच नियम एकेकाळी अमेरिकेत मोठ्या माणसांच्या बेसबॉलमध्ये होता. गल्लीत नाही, भरल्या मैदानावर. तो काढून टाकावा म्हणून वर्षानुवर्षं लिहीत राहिलेला माणूस ना स्टार खेळाडू होता, ना टीमचा मालक. तो पेपरचा रिपोर्टर होता. त्याचं नाव हेन्री चॅडविक.

त्याची आठवण निघाली ती पंच परीक्षेवरून. आपल्याकडे शालेय स्पर्धांमध्ये सॉफ्टबॉल आहे आणि सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचंच धाकटं भावंड. ओळखीचे एक क्रीडाशिक्षक नव्या पंचांच्या सरावासाठी प्रश्न काढत बसले होते. मला वाटलं, त्यात काय एवढं? नियमाचं पुस्तक उघडायचं आणि वाक्यापुढं प्रश्नचिन्ह टाकायचं! सरांनी पहिला प्रश्न वाचायला दिला. पहिल्या बेसवर रनर आहे. बॅटरचा तिसरा स्ट्राइक झाला, पण कॅचरच्या हातून चेंडू सुटला. बॅटर पहिल्या बेसकडं पळाला. पंचाचा निर्णय काय? मी ठोकून दिलं, आउट. सर हसले आणि म्हणाले, प्रश्नच चुकलाय. आधी किती आउट झालेत ते लिहायचं राहिलं. शून्य किंवा एक आउट असेल, तर पहिला बेस भरलेला असल्यामुळं बॅटर आउट. दोन आउट असतील, तर त्याला पळायचा हक्क आहे. एक आकडा राहिला की दोन्ही उत्तरं बरोबर ठरतात, आणि मग पेपर तपासणाऱ्यांचीच भांडणं.

हे फक्त कागदावरचं नाही. चांगल्या स्पर्धेच्या सर्टिफिकेटवर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. परभणीच्या पोरीचा बॅटर-रनर म्हणून गेलेला एक निर्णय तिला बराच महाग पडू शकतो. आणि हा पंच एक म्हणतो, तो पंच दुसरंच म्हणतो, असं झालं तर तिनं दाद कुणाकडं मागायची? चॅडविकचं निम्मं आयुष्य याच दुखण्यावर गेलं.

त्याचा जन्म 5 ऑक्टोबर 1824 चा, इंग्लंडमधल्या एक्सेटरचा. वडील जेम्स चॅडविक पेपरचे संपादक. सावत्र भाऊ एडविन वयानं बराच मोठा. इंग्लंडच्या शहरांतली घाण आणि सांडपाणी यांवर 1842 मध्ये गाजलेला अहवाल लिहिणारा एडविन चॅडविक तो हाच. एका भावानं गटारांची शिस्त लावली, दुसऱ्यानं खेळाची. घरात नियमांचं वेड असावं, हा आपला माझा अंदाज.

हेन्री बारा-तेरा वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनला आलं. तरुणपणी तो पियानो शिकवायचा आणि पेपरांना क्रिकेटच्या बातम्या द्यायचा. हो, क्रिकेटच्याच. तेव्हा तिकडं क्रिकेट चांगलं जोरात होतं. बेसबॉलही तो थोडाफार खेळला होता, पण जुन्या पद्धतीचा. त्यात पळणाऱ्याला चेंडू फेकून मारला की तो आउट, आपल्या लगोरीसारखं. बरगड्यांवर बसलेले ते फटके त्याच्या पुढं कितीतरी वर्षं लक्षात होते.

1856 मध्ये हडसन नदीपलीकडं होबोकनला क्रिकेटची मॅच कव्हर करून परतताना तो वाटेत थांबला. इगल आणि गॉथम या दोन क्लबांची बेसबॉलची मॅच रंगली होती. खेळाचा वेग पाहून त्याला वाटलं, क्रिकेट जसं इंग्लंडचं, तसा हा खेळ अमेरिकेचा होऊ शकतो. बघता बघता तो त्यावरच लिहायला लागला, न्यूयॉर्क क्लिपर आणि इतर पेपरांतून.

पण लिहायचं कशावर? खेळ वाढत होता, नियम मात्र कच्चे होते. बॅटर मनासारखा चेंडू येईपर्यंत ढिम्म उभा राहायचा, म्हणून 1858 पासून पंचाला स्ट्राइक पुकारायचा अधिकार मिळाला. मग पिचर मुद्दाम वाईट चेंडू टाकत वेळ काढायला लागले, म्हणून काही वर्षांनी बॉल पुकारणं आलं. म्हणजे आधी खेळाडूंचा चावटपणा, मग त्यावर नियम, मग त्या नियमातली फट, मग नवा नियम. आणि दर वेळी ओझं पंचाच्या डोक्यावर.

1860 मध्ये चॅडविकनं 10 सेंटला मिळणारी एक छोटी पुस्तिका काढली, बीडल्स डाइम बेस-बॉल प्लेयर. त्यात नियम तर होतेच, शिवाय कुठल्या नियमाचा अर्थ काय लावायचा याचं स्पष्टीकरणही होतं. कुणी कधी न पाहिलेल्या गावातल्या पोरांनी ती विकत घ्यावी आणि न्यूयॉर्कसारखंच खेळावं, अशी सोय. क्लबांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नियम समितीवरही तो होता. आजच्या पत्रकारितेच्या वर्गात हे सांगितलं तर लगेच हात वर होतील, की ज्यावर बातमी लिहायची त्याच्याच समितीवर कसं बसायचं? प्रश्न योग्य आहे. त्या काळी तो कुणाला पडला नाही, एवढंच.

आता टप्प्याची गोष्ट. टप्पा पडून धरलेला झेलही आउट, हे चॅडविकमधल्या क्रिकेटवाल्याला पटतच नव्हतं. त्याचं म्हणणं, हे पोरांचं काम झालं. हवेतच झेल घ्या. समोरचे म्हणायचे, हाताचं काय? तेव्हा ग्लोव्ह नव्हते, उघड्या हातांनी तो टणक चेंडू घ्यायचा. बोटं मोडायची. संघटनेच्या बैठकीत ठराव यायचा आणि पडायचा. तो पुन्हा लिहायचा. ही मागणी करणारा तो एकटाच नव्हता, काही क्लबही होते, पण पेपरातून सतत टोचणारा तोच. शेवटी डिसेंबर 1864 च्या बैठकीत बदल मंजूर झाला. 1865 पासून हद्दीतला चेंडू हवेतच झेलावा लागला. फाउल गेलेल्या चेंडूवर टप्प्याची सवलत पुढंही बरीच वर्षं टिकली. मोठे बदल असे अर्धे अर्धेच होतात बहुतेक.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या म्युच्युअल क्लबच्या तीन खेळाडूंनी 100 डॉलर घेऊन मॅच सोडल्याचं उघड झालं. सट्टेबाजांविरुद्ध लिहिणं हाही त्याचा कायमचा विषय होता. पंचाशी मैदानात हुज्जत घालणाऱ्यांवरही तो तुटून पडायचा.

स्कोअरबुकात त्याचा हात आजही दिसतो. क्रिकेटच्या धावफलकावरून त्यानं बेसबॉलचा बॉक्स स्कोअर बसवला. स्ट्राइकवर आउट झालेल्यासाठी त्यानं के हे अक्षर धरलं. एस दुसऱ्या कामाला लागलं होतं, म्हणून स्ट्रक या इंग्रजी शब्दातलं शेवटचं अक्षर घेतलं. आपल्याकडं स्कोअर लिहिणाऱ्या मुलींना विचारा, त्या आजही के लिहितात.

त्याचं सगळंच बरोबर निघालं असं नाही. होमरनचा त्याला कंटाळा. नुसता मोठा फटका मारण्यापेक्षा डोक्यानं खेळा, असं त्याला वाटायचं. लोकांना नेमकं उलटं हवं होतं. दहा खेळाडू आणि दहा डाव करा, अशी सूचना त्यानं 1870 च्या दशकात लावून धरली, ती कुणी मानली नाही. गंमत म्हणजे सॉफ्टबॉलच्या स्लो पिच प्रकारात आज मैदानावर दहाच असतात.

सॉफ्टबॉल त्याच्या हयातीतच जन्मला. 1887 मध्ये शिकागोच्या फॅरागट बोट क्लबच्या हॉलमध्ये काही तरुण फुटबॉलच्या मॅचचा निकाल ऐकायला जमले होते. आनंदात एकानं बॉक्सिंगचा ग्लोव्ह फेकला, दुसऱ्यानं तो काठीनं टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या रिपोर्टरनं ग्लोव्ह दोरीनं बांधून चेंडू केला आणि पुढं नियम लिहून काढले. इथंही पुन्हा रिपोर्टरच! सॉफ्टबॉल हे नाव मात्र 1926 चं.

1881 पासून मरेपर्यंत चॅडविक स्पाल्डिंग बेसबॉल गाइडचा संपादक होता. म्हातारपणी त्याचा सगळ्यात मोठा वाद झाला तो या गाइडचा मालक अल्बर्ट स्पाल्डिंग याच्याशीच. चॅडविकनं 1903 मध्ये लिहिलं की बेसबॉल हा इंग्लंडच्या राउंडर्स खेळातून निघालाय. तो लहानपणी राउंडर्स खेळलेला होता. स्पाल्डिंगला हे रुचलं नाही. अमेरिकेचा खेळ इंग्रजांचा कसा? त्यानं 1905 मध्ये मिल्स कमिशन नेमवलं. एका म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवर विसंबून कमिशननं ठरवलं की 1839 मध्ये कूपर्सटाउन गावात अ‍ॅबनर डबलडेनं हा खेळ शोधला. डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता, हेही कुणी नीट पाहिलं नाही. एवढं आयुष्य पुराव्यानं निर्णय द्या असं सांगण्यात गेलं, आणि त्याच्याच खेळाचा हा निर्णय असा लागला. त्यावर कडी म्हणजे तो अहवाल छापून आला 1908 च्या स्पाल्डिंग गाइडमध्ये, ज्याचा संपादक चॅडविकच होता.

त्या एप्रिलमध्ये मोसम सुरू झाला आणि 83 वर्षांचा चॅडविक थंडीत मॅच बघायला गेला. न्यूमोनिया झाला. 20 एप्रिल 1908 रोजी तो गेला. ब्रुकलिनच्या ग्रीन-वूड स्मशानभूमीत त्याची समाधी आहे. वर दगडाचा चेंडू आणि जागेच्या चार कोपऱ्यांना चार बेस.

1938 मध्ये त्याची बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी निवड झाली. हा हॉल उभारला गेला कूपर्सटाउनमध्ये, त्या डबलडेच्या गोष्टीमुळंच. डबलडेची निवड तिथं आजवर झालेली नाही. चॅडविकची पाटी आहे.